वाद म्हणजे भांडण नव्हे

(श्री भैरवनाथ मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात दुसऱ्या दिवशी सायंकाळी सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते आपल्याच गावचे सुपुत्र असून तहसील कचेरीत नोकरीस आहेत.)



समितीने मला 'चार शब्द बोला' अशी आज्ञा केली. कालच्या कीर्तनानंतर या जागी उभे राहून बोलणे म्हणजे सूर्यापुढे काजव्याने मिरवण्यासारखे आहे. मी विद्वान नाही, प्राध्यापक नाही. एस.एस.सी. पर्यंत शिकलेला, कचेरीत कागद इकडचे तिकडे करणारा माणूस. तेव्हा चार शब्दांचे ओझे मला झेपणार नाही. मी एकाच शब्दावर बोलणार आहे. तो शब्द आहे 'वाद'.

कळस चढण्याच्या मंगल प्रसंगी हा असला शब्द कशाला, असे काहींच्या मनात येईल. त्याचे कारण सांगतो. मंदिराचे काम चालू असताना या आवारात जो शब्द सर्वांत जास्त वेळा माझ्या कानावर पडला तो देवाच्या नावाखालोखाल हाच. "वाद नको." पायरीच्या दगडावरून कोणी बोलला, वाद नको. सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब कोणी विचारला, वाद नको. आणि दुसरे कारण असे की माझ्या टेबलावर रोज सकाळी येतो तोही वादच. त्यावरच माझ्या घरची चूल पेटते म्हटले तरी चालेल. ज्याचे मीठ खातो त्याच्याविषयी दोन गोष्टी नीट जाणून घ्याव्यात म्हणून मी थोडे वाचले, जाणत्यांना विचारले. ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम आपण हा शब्द कसकसा वापरतो ते पाहू. बाप मुलाला म्हणतो, "माझ्याशी वाद घालू नकोस." येथे वाद म्हणजे उलट बोलणे. शेजारी सांगतो, "त्या दोघा भावांचा वाद कोर्टात आहे." येथे वाद म्हणजे खटला. दलाल म्हणतो, "ती जमीन घेऊ नका, वादाची आहे." येथे वाद म्हणजे जमिनीला लागलेला रोग. शाळेत गुरुजी वादविवाद स्पर्धा घेतात, पहिल्या नंबराला कप देतात. तेथे मात्र वाद ही कौतुकाची गोष्ट. आणि वर्तमानपत्रात आपण गांधीवाद, समाजवाद, साम्यवाद असे शब्द वाचतो. तेथे वाद म्हणजे विचारांची एक पद्धत, एक मत. शब्द एकच, पण एका ठिकाणी त्याला छडी मिळते आणि दुसऱ्या ठिकाणी कप मिळतो. असे का व्हावे?

वाद हा शब्द संस्कृतातला. त्याचा धातू 'वद्', म्हणजे बोलणे. वाद याचा मूळ अर्थ नुसता 'बोलणे' एवढाच. त्यात राग नाही, शिवी नाही, हातघाई तर मुळीच नाही. या एका धातूचे गोत किती मोठे आहे पाहा. दोघे एकमेकांशी जुळवून बोलतात तो संवाद. दोघांची तोंडे दोन दिशांना होतात तो विवाद. एकाचे बोलणे दुसरा मागून आपल्या भाषेत बोलतो तो अनुवाद. लोकांत जी गोष्ट बोलली जाते, खरी-खोटी कोणाला ठाऊक नसते, तो प्रवाद. नियमाला जे लागू नाही तो अपवाद. आणि मंडळी, वडीलधाऱ्यांच्या पाया पडल्यावर जो मिळतो तो आशीर्वाद. देणगी घेतल्यावर समिती जे देते ते धन्यवाद. म्हणजे आशीर्वादातही वाद आहे आणि धन्यवादातही वाद आहे! जो माणूस 'मला वाद मुळीच नको' म्हणतो, त्याला आशीर्वाद तरी कसा मिळायचा?

वाद्य हा शब्दही याच घरचा. ज्याला आपण बोलायला लावतो ते वाद्य. काल पहाटे आरतीच्या वेळी संबळ आणि सनई वाजली, ती याच अर्थाने बोलत होती. आपल्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांना मी एक गोष्ट विचारली तेव्हा त्यांनी मला शिकवले, की रागात जो मुख्य सूर असतो त्याला 'वादी' म्हणतात. त्याला साथ देणारा तो 'संवादी'. आणि रागाशी न जुळणारा तो 'विवादी'. भूप रागात गंधार वादी आणि धैवत संवादी. विवादी सूर एरवी टाळायचा असतो. पण कसलेला गवई तोही क्वचित, जरासा स्पर्श करून अशा खुबीने लावतो की राग बिघडण्याऐवजी खुलतो. गावाच्या कारभाराला यापेक्षा चांगली उपमा मला सापडलेली नाही. गावात एखादा विवादी सूर असायचाच. तो कोठे, किती आणि कसा लावून घ्यायचा यातच कारभाऱ्याचे कसब.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सारखा ऐकू येतो म्हणून प्रत्येक शब्द या गोतातला नव्हे. वादळाचा या वादाशी संबंध नाही; ते कुळ निराळे. पखवाजाला चामड्याची वादी असते, तिचाही नाही. आणि सावकाराकडे करतो तो वायदा, हिंदीतला वादा, तो अरबीतून आलेला. नाव सारखे म्हणून सातबाऱ्यावर हक्क लागत नाही, तसेच हे.

आता शास्त्राकडे वळू. आपल्या देशात न्यायशास्त्र म्हणून एक फार जुने शास्त्र आहे. गौतम मुनींची न्यायसूत्रे हा त्याचा मूळ ग्रंथ. माणसे एकमेकांसमोर बसून आपापली बाजू मांडतात त्याचे त्यांनी तीन प्रकार केले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. दोन्ही बाजूंना खरे काय ते शोधायचे आहे, पुरावा आणि तर्क यांच्या आधाराने बोलायचे आहे, तो वाद. खरे-खोटे बाजूला ठेवून मला फक्त जिंकायचे आहे, त्यासाठी शब्दांत पकडणे, अर्थाचा अनर्थ करणे, हेही चालेल, तो जल्प. आणि मला स्वतःचे काहीच मांडायचे नाही, फक्त समोरच्याचे मोडून काढायचे आहे, ती वितंडा. आपण बोलताना 'वितंडवाद' म्हणतो तो शब्द येथूनच आला.

ग्रंथातली गोष्ट आपल्या शिवारात आणून पाहू. समजा, दोन शेतकऱ्यांचे बांधावरच्या वाटेवरून पटत नाही. एक म्हणतो, "वाट माझ्या आजोबांपासून येथूनच आहे." दुसरा म्हणतो, "नाही, ती वरच्या अंगाने होती." मग दोघे मिळून म्हणतात, "गावचा नकाशा आणू, जुन्या जाणत्या माणसांना विचारू, मोजणी करू, जे निघेल ते मान्य." हा झाला वाद. तो शास्त्राने सांगितलेला आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण एक जण म्हणाला, "वाटेचे राहू दे, तुझ्या चुलत्याने सोसायटीचे कर्ज बुडवले ते सांग आधी," की झाला जल्प. त्यात वाटेचा काय संबंध? आणि तिसरा माणूस, ज्याचे शेत तेथे नाहीच, तो जर पारावर बसून म्हणू लागला, "नकाशाही खोटा, मोजणीही खोटी, साक्षीदारही विकले गेलेले," आणि "मग खरे काय?" असे विचारल्यावर "ते मला काय ठाऊक!" म्हणून तंबाखू मळू लागला, तर ती वितंडा. आपल्या गावात पहिल्या प्रकारची माणसे थोडी आणि तिसऱ्या प्रकारची जास्त, असे मी म्हणत नाही. ज्याने त्याने पारावर जाऊन मोजावे.

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला आपल्या विभूती सांगितल्या आहेत. पर्वतांत मेरू मी, नद्यांत गंगा मी, अशी ती यादी आपण ऐकली आहे. त्याच यादीत, बोलून बाजू मांडणाऱ्यांमध्ये वाद तो मी, असे भगवंत सांगतात. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या ठिकाणी वाद, जल्प आणि वितंडा हे तीन प्रकारच धरले आहेत आणि अर्थाचा निर्णय होतो म्हणून त्यांत वाद श्रेष्ठ असे म्हटले आहे. तेव्हा ज्या शब्दाला आपण घरातून हाकलतो त्याला देवाने आपल्या पंक्तीला बसवले आहे, हे ध्यानात ठेवावे.

आणि माता-भगिनींसाठी एक कथा. बृहदारण्यक उपनिषदात आहे. जनक राजाने यज्ञ केला आणि हजार गाई, शिंगांना सोने बांधून, उभ्या केल्या. जो सर्वांत मोठा ब्रह्मज्ञानी असेल त्याने त्या न्याव्यात. याज्ञवल्क्यांनी आपल्या शिष्याला सांगितले, "हाक गाई." सभा खवळली. एकामागून एक पंडित प्रश्न विचारू लागले. त्या सभेत गार्गी नावाची एक स्त्री उठली. तिने असे प्रश्न विचारले की याज्ञवल्क्यांनी 'याच्यापुढे विचारू नकोस' असे तिला बजावले. ती बसली, पण नंतर सभेची परवानगी घेऊन पुन्हा उठली आणि आणखी दोन प्रश्न विचारले. उत्तर मिळाले तेव्हा तिनेच सभेला सांगितले, यांना नमस्कार करा, यांना तुमच्यापैकी कोणी जिंकणार नाही. याला वाद म्हणतात. विचारताना भीड नाही आणि पटल्यावर मान्य करताना कमीपणा नाही. घरात सून काही विचारू लागली की आपण म्हणतो, "वाद घालू नकोस." जनकाच्या दरबारात गार्गीला जे चालले ते आपल्या ओसरीवर का चालू नये, याचा विचार करावा.

याचा अर्थ वाद जन्मभर चालू ठेवावा असा नव्हे. समर्थ रामदासांनी मनाच्या श्लोकांत, ज्याने वाद मिटतो तो संवाद हिताचा, असा उपदेश केला आहे. म्हणजे वाद ही वाट आहे, मुक्काम नव्हे. वाटेवर कोणी घर बांधत नाही. पण वाटच नको म्हणणारा मुक्कामाला कधी पोहोचतो का?

आता माझ्या कचेरीकडे येतो. आमच्या कागदांत भांडणाचे जे शब्द आहेत त्यांतले बरेचसे फारसी आणि अरबीतून आलेले. सुलतानांच्या आणि बादशहांच्या राजवटीत कारभार फारसीत चाले. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी हे शब्द जनतेच्या तोंडात इतके रुळले होते की ते राहिलेच. त्यांचे मूळ अर्थ पाहिले तर मोठी मौज वाटते.

'हुज्जत' हा शब्द घ्या. "साहेबांशी हुज्जत घालू नका" असे शिपाई रोज सांगतो. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, आधाराचे बोलणे. म्हणजे हुज्जत घालणारा हा मुळात पुरावा देणारा माणूस! आपल्याकडे येता येता पुरावा वाटेत गळाला आणि नुसता आवाज उरला. 'तक्रार' म्हणजे अरबीत पुन्हा पुन्हा करणे, तेच ते परत म्हणणे. एकदा सांगून कोणी ऐकत नाही, म्हणून माणूस पुन्हा सांगतो, पुन्हा सांगतो. त्याचीच झाली तक्रार. माझ्या टेबलासमोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहिले की हा मूळ अर्थ मला पूर्ण पटतो. 'हरकत' म्हणजे मूळ हालचाल. आपल्याकडे ती झाली आडकाठी. "हरकत नाही" म्हणजे खुशाल करा. 'फिर्याद' हा फारसी शब्द, त्याचा मूळ अर्थ संकटात मारलेली हाक, 'धावा धावा' म्हणून केलेला आकांत. 'दावा' म्हणजे आपल्या हक्काचे सांगणे. पण मराठीत दावा म्हणजे वैरही झाले, आणि 'दावा साधणे' म्हणजे सूड घेणे. 'कज्जा' हा शब्द काझी या शब्दाच्या कुळातला, म्हणजे काझीपुढे निवाड्याला जायची बाब. आपण तो कज्जेदलालापर्यंत आणून ठेवला.

या सगळ्या शब्दांची एकच कहाणी आहे. निघताना प्रत्येक शब्द सभ्य होता: पुरावा, हक्क, हाक, निवाडा. पोहोचताना प्रत्येकाच्या अंगाला भांडणाचा वास लागला. दोष शब्दांचा नाही. पुरावा मागणारा माणूस ज्यांना नको असतो ते त्याला हुज्जतखोर म्हणतात, आणि हळूहळू शब्दाचाच रंग बदलतो.

आपल्या जुन्या माणसांची न्यायाची रीत काय होती तेही सांगतो. मराठेशाहीत वतनाचे, मानपानाचे, शिवेचे तंटे गोतसभेपुढे जात. गोतसभेत पाटील, कुलकर्णी असत, तसे गावचे बलुतेदारही असत. जो प्रथम आपले गाऱ्हाणे मांडी त्याला म्हणत 'अग्रवादी' आणि जो उत्तर देई तो 'पश्चिमवादी'. पाहा, दोघेही वादीच! एक आधी बोलणारा, एक मागून बोलणारा. त्यात एक सज्जन आणि एक चोर असा भाव नाही. प्रत्येकाकडून त्याची 'तकरीर', म्हणजे त्याचे म्हणणे, लिहून घेत. मग दोघांकडून 'राजीनामा' लिहून घेत. आज राजीनामा म्हटले की खुर्ची सोडली असे आपण समजतो. पण मूळ शब्द राजी असल्याचा लेख. 'गोत जो निवाडा करील त्याला आम्ही राजी आहो' असे निकालाच्या आधी लिहून द्यायचे. हे फार शहाणपणाचे होते. निकाल लागल्यावर तो मानायचा की नाही हे ठरवायचे नाही; आधीच ठरवून बसायचे. निवाडा झाला की त्याचा 'महजर' होई आणि त्यावर सभेची साक्ष पडे. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी करी. पाटलाची निशाणी नांगर. ज्या कागदावर नांगर होता, त्याच कागदावर सुताराचे आणि इतर बलुत्यांचे हत्यारही असे. वाद मिटला तो सगळ्या गावासमोर मिटला, असा त्याचा अर्थ.

आजचा कायदाही यापासून फार दूर नाही. तुम्ही जमीन विकत घेतली किंवा वारसाने आली, की तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते फेरफाराची नोंद धरतात. संबंधितांना नोटीस जाते. हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. हरकत आली की तिची नोंद गाव नमुना सहा-अ मध्ये होते. त्या नमुन्याचे नाव 'विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही'. मग दोन्ही बाजूंना बोलावून, ऐकून, लेखी निर्णय होतो. तो मान्य नसेल तर प्रांतसाहेबांकडे अपील आहे. शेताची वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सरकारनेसुद्धा वादासाठी एक वही, एक मुदत आणि एक खुर्ची ठेवली आहे. याचे कारण सरकारला ठाऊक आहे की माणसे आहेत तेथे वाद होणार. भांड्याला भांडे लागणारच. वाद होऊच नये असा कायदा नाही. वाद कोठे, केव्हा आणि कशाच्या आधाराने मांडावा याचा कायदा आहे.

माझ्या नोकरीतला अनुभव असा, की जे वाद वेळेवर आणि कागदावर मांडले गेले ते बहुतेक मिटले. जे 'कशाला वाद' म्हणून पोटात ठेवले, ते कुजले. एका गावातले दोन सख्खे भाऊ माझ्या पाहण्यात आहेत. बापाच्या माघारी वाटणी झाली तेव्हा धाकट्याला विहिरीच्या पाळीविषयी विचारायचे होते. आईने हात जोडले, "तेरावा झाला नाही अजून, वाद नको." तो गप्प बसला. मग तो मोटार सुरू करताना गप्प, पुतण्याच्या लग्नात गप्प. सात वर्षांनी एका रात्री बोलला तो कुऱ्हाड हातात घेऊन. जीव गेला नाही ही देवाची कृपा. पण दोन्ही घरे आजही फौजदारी तारखांना एकाच एस.टी.ने येतात आणि एकमेकांकडे पाहत नाहीत. तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी चार माणसांत बसून 'पाळी किती तासांची' एवढा एकच वाद घातला असता तर हे भांडण झाले नसते. माझ्या मते वाद आणि भांडण यांतला फरक समजायला एवढे एक उदाहरण पुरे आहे. वाद विषयाशी असतो, भांडण माणसाशी असते. वादात पुरावा लागतो, भांडणात आवाज लागतो. वाद संपतो तेव्हा काहीतरी ठरलेले असते. भांडण संपते तेव्हा काहीतरी मोडलेले असते.

महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावचे तंटे गावात मिटावेत हा तिचा हेतू, आणि तो उत्तम. पण सरकारने नाव 'तंटामुक्त' ठेवले, 'वादमुक्त' नाही ठेवले, हे ध्यानात घ्या. तंटा मिटवायचा असेल तर आधी वाद ऐकावा लागतो. दोघांना घरी बसवून आणि वरून दडपून जे मिटते, ते मिटत नाही, फक्त झाकले जाते.

आता आपल्या मंदिराविषयी बोलतो. कोणाचे नाव घेणार नाही, घेण्याची गरजही नाही. काम सुरू होताना जुना लाकडी मंडप ठेवावा की काढून स्लॅब टाकावा यावर गावात दोन तट पडले होते. खांब वाळवीने खाल्ले आहेत असे एकांचे म्हणणे. आतले सागवान शाबूत आहे असे दुसऱ्यांचे. पहिल्या दोन बैठकांत काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा गावात जे चालले होते तो जल्प होता. तिसऱ्या बैठकीत बाहेरगावच्या एका जाणत्या मिस्त्रीला बोलावून प्रत्येक खांब ठोकून पाहिला. चार खांब पोकळ निघाले, बाकीचे चांगले निघाले. म्हणजे दोन्ही तट थोडे थोडे खरे होते! चार खांब बदलले, बाकीचे राखले, आणि आज आपण ज्या मंडपात बसलो आहो तो तसा उभा राहिला. त्या दिवशी झाला तो वाद. मंडपाचे रूप राहिले ते 'वाद नको' म्हटल्यामुळे नव्हे, वाद नीट झाल्यामुळे.

तसेच हिशेबाचे. दगडाचा दर काय लागला हे ज्यांनी उभे राहून विचारले त्यांना गावात काही दिवस 'वादी माणूस' असे नाव पडले. पण समितीला मी मनापासून धन्यवाद देतो, की पुढच्याच पौर्णिमेला तिने पावत्या सभेपुढे ठेवल्या आणि खर्चाचा कागद देवळाच्या भिंतीवर लावला. सार्वजनिक न्यासाने हिशेब ठेवावेत आणि तपासून घ्यावेत हे १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यातच आहे. पण कायद्याच्या आधी देवाचे भय आहे आणि देणगीदारांचा विश्वास आहे. या स्मरणिकेत शेवटी जमाखर्च छापला आहे. तो छापला गेला याचे थोडे श्रेय विचारणाऱ्यांनाही आहे. मुंबईत गिरणगावच्या चाळीत राहून ज्यांच्या वडिलांनी पगारातून देवाला पैसा पाठवला, त्यांची मुले आज येथे आली आहेत. त्यांनी हिशेब विचारावा आणि आपण आनंदाने दाखवावा, यात कोणाचा अपमान आहे?

आता शेवटची आणि खरी गोष्ट. यात्रा जवळ आली आहे. कळस चढला, पण पालखीचा पहिला खांदा कोणाचा हे अजून ठरलेले नाही. दोन घराण्यांचे म्हणणे आहे की मान आमचा. गेल्या दोन यात्रांत पालखी देवळाबाहेर निघाली नाही. देव मंडपातच फिरला. लेकी माहेरी आल्या आणि पालखीवर गुलाल न टाकता परत गेल्या. सगळे म्हणतात, "वाद नको, देव आतच फिरवा." मंडळी, मला क्षमा करा, पण देवाला कोंडून ठेवणे म्हणजे वाद मिटवणे नव्हे. मानपानाचे असे तंटे आपल्या पूर्वजांना नवे नव्हते. होळीची पोळी कोणाची आधी, पोळ्याला बैल कोणाचा पुढे, यावर गोतसभा बसत आणि निवाडे होत. त्यांना जे जमले ते आपल्याला का जमू नये?

मी कोणाच्या बाजूने बोलत नाही. मान कोणाचा ते मला ठरवायचे नाही आणि तो माझा अधिकारही नाही. मी फक्त रीत सुचवतो, ती जुनीच आहे. यात्रेच्या आधी एक दिवस नेमा. दोन्ही घराण्यांनी आपापली तकरीर लेखी आणावी. घरात जुने कागद असतील ते आणावेत, जुन्या जाणत्या माणसांनी काय पाहिले ते सांगावे. पंच दोन्ही घराण्यांच्या संमतीने नेमावेत, त्यांत बलुतेदारांची मंडळी असावी आणि एक-दोन भगिनीही असाव्यात. निकालाच्या आधी दोघांनी राजीनामा लिहून द्यावा. आणि एक नवा नियम मी जोडतो: प्रत्येकाने आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याची बाजू आपल्या तोंडाने सांगून दाखवावी, आणि समोरच्याने 'होय, माझे म्हणणे हेच' असे म्हटल्यावरच पुढे बोलावे. न्यायशास्त्रात याला पूर्वपक्ष म्हणतात. आधी दुसऱ्याचे मत प्रामाणिकपणे मांडायचे, मग आपला उत्तरपक्ष. एवढे केले तरी निम्मा वाद तेथेच संपतो, असे मी कचेरीत पाहिले आहे. कारण पुष्कळ वेळा दोघे एकच गोष्ट दोन आवाजांत सांगत असतात.

निकाल काहीही लागो. एकाच घराण्याचा मान ठरो, आळीपाळीने ठरो, किंवा दोघांचे दोन खांदे एकदम लागोत. तो सर्वांसमोर लिहावा, त्यावर सर्वांनी सह्या कराव्यात, आणि तो कागद देवाच्या दप्तरात ठेवावा. पुढच्या पिढीला पुन्हा रात्री जागवायला लागू नयेत.

बंधू-भगिनींनो, आपण दगड घासला, खांब बदलले, रंग दिला. मंदिराचा जीर्णोद्धार झाला. शब्दही जीर्ण होतात. त्यांच्यावर वर्षानुवर्षे शेवाळ चढते आणि आतला घडीव दगड दिसेनासा होतो. 'वाद' हा असाच एक घडीव दगड आहे. तो उचलून कोणाच्या डोक्यात घालायचा नाही आणि भिऊन कोपऱ्यात टाकायचाही नाही. तो पायरीला लावावा, म्हणजे त्यावर पाय ठेवून दोघांनाही वर जाता येईल.

माझ्या बोलण्यात कोणाला काही न पटण्यासारखे वाटले असेल तर भोजनानंतर पारावर यावे. आपण वाद घालू. 

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!